शनिवारची रात्रपाळी

पेंटर मंगळवारी येणार आहे. शाळेच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळांवरच्या भिंतीवर, गणित आणि विज्ञानाच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेल्या मुलांची नावं लिहायचं ठरलं आहे. नावं वर्षवार लावून द्यायचं काम मोठ्या बाईंनी माझ्याकडे दिलं. "दीदी, आपके पास तो सब फाइल में होगा," त्या म्हणाल्या. फाइलमध्ये सगळं आहेच. अडचण तीच आहे.

सकाळपासून तीन वेळा टेबलाशी बसले आणि तीन वेळा उठले. एकदा गॅस बंद केला का ते पाहायला, एकदा टाकी भरली का ते पाहायला, आणि एकदा कशासाठी उठले तेच आठवेना, म्हणून तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घालून आले. शेवटी ठरवलं की यादी बाजूला ठेवायची आणि आधी तुम्हा दोघा नातवंडांना लिहायचं. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर एका नजरेत संपवलं असतं आणि हे मला घाईत वाचून व्हायला नको आहे. अडलं तर बाबांना विचारा. गोष्ट थोरलीची आहे, पण धाकट्यानेही ऐकावी.

तुम्ही दोघं शिकलात ती शाळा सेक्टर दहाच्या कडेची, पहिली ते पाचवी. मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा ती शाळा स्नेहसंमेलनातल्या नाचांसाठी प्रसिद्ध होती. मोठ्या बाई एकदा घरी आल्या आणि म्हणाल्या, दुपारी एक तास या, चौथी-पाचवीच्या मुलांना स्पर्धांसाठी तयार करा. पहिल्या वर्षी आम्हाला भाग घेतल्याची प्रमाणपत्रं मिळाली, सगळ्यांनाच मिळतात ती. दुसऱ्या वर्षी मुलांनी सेक्टरच्या पाण्याच्या टाकीची उंची काढली. टाकीवर न चढता, तिची सावली आणि एका मीटरपट्टीची सावली एकाच वेळी मोजून. परीक्षकांनी विचारलं, बरोबर कशावरून? एक मुलगा म्हणाला, "सर, टाकीवाल्या अंकलना विचारलं. ते म्हणाले, तुमची एक फूट कमी आहे." विज्ञानात तिसरा क्रमांक. त्या चषकासाठी शाळेने काचेचं कपाट घेतलं, आणि कपाट मोठं असल्यामुळे तो एकटा चषक त्यात फार बिचारा दिसायचा. पुढच्या वर्षी तोंडी हिशोबात दोन बक्षिसं आली. मग पालक मला बाजारात थांबवून विचारू लागले, आमच्या मुलाला घेता का?

घेत होते मी सगळ्यांना. पण शिस्त माझी होती. पेन्सिलला टोक घरून करून आणायचं. कच्चं काम उजवीकडच्या मोकळ्या जागेत. उत्तर चौकटीत. तपासताना मी फक्त चौकट पाहणार, बाजूचं काही पाहणार नाही. स्पर्धेत तसंच असतं, म्हणून सवय लावायची. हा नियम मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

थोरली पाचवीत होती त्या वर्षी रायपूरच्या स्पर्धेसाठी तिघांचा संघ पाठवायचा होता. गणित आणि विज्ञान एकत्र. पाचवी म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष, त्यामुळे ज्याला त्या वर्षी जायला मिळणार नाही त्याला कधीच मिळणार नव्हतं. दुपारच्या तासाला येणाऱ्या अकरा मुलांची मी चाळीस गुणांची निवड चाचणी घ्यायचं ठरवलं. माझी स्वतःची नात त्यात होती. म्हणून पेपरवर नावं नाहीत, नुसते आकडे. कुठला आकडा कुणाचा, ते मोठ्या बाईंनी पाकिटात बंद करून स्वतःच्या टेबलात ठेवलं. थोरले, मी तुझं अक्षर ओळखते, म्हणून उत्तरं फक्त अंकांत लिहायला लावली. माझ्याकडून पक्षपात होऊ नये म्हणून जे जे सुचलं ते सगळं केलं. त्यामुळेच माझं मन इतकं निर्धास्त होतं.

शेवटचा प्रश्न तीन गुणांचा होता. तो मी स्वयंपाकघरात, कणीक मळताना रचला होता. एका कामगाराला शनिवारी रात्रपाळी होती. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळच्या पाळीला हजर व्हायचं आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये त्याला किती तास मोकळे मिळाले?

तुमचे आजोबा भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या मिलमध्ये होते तेव्हाचे रविवार माझ्या डोळ्यांपुढे होते. शनिवारी रात्री दहाला कामावर, रविवारी सकाळी सहाला सुटका, घरी येऊन आंघोळ, पोहे, आणि मग दुपारभर झोप. उठले की म्हणायचे, "संपला आमचा रविवार! आणि वर म्हणायचं, सुट्टी दिली." सोमवारी सहाला परत गेटवर. रविवारी सहा ते सोमवारी सहा, चोवीस तास. ज्याला वाटेल की शनिवारी काम संपलं तो चुकेल. प्रश्न मला फार आवडला होता. तुलाही आवडला असणार, कारण तू आजोबांचं ते वाक्य लहानपणापासून ऐकलं होतंस.

तिघाचौघांनी अठ्ठेचाळीस लिहिलं. मी लाल पेनने काट मारली आणि शेजारी लिहिलं, "नीट वाच." पुढे.

पाकीट उघडलं. पहिल्या दोन मुलांना सदतीस आणि छत्तीस. तिसरी तू, पस्तीस. चौथी भिलाई-3 हून बसने येणारी ती बारीकशी मुलगी, दोन वेण्यांची, जी पेन्सिलला इतकं टोक करायची की लिहिताना कागद फाटायचा. तिला तेहेतीस. शेवटच्या प्रश्नावर तिला शून्य होतं. मोठ्या बाईंनी तिघांची नावं त्याच दिवशी पाठवली.

स्पर्धेला चार दिवस होते तेव्हा तिची आई शाळेत आली. माझा तास नुकताच संपला होता. ती दारातच थांबली.

"मॅडम, भांडाले नाही आली जी मी."

"या ना आत."

"पोरीनं डोकं खाल्लं आमचं. तुमचा तो सवाल सगळ्यायले विचारून राहिली. बापाले, काकाले, दूधवाल्याले. दूधवाला म्हणते, मले कोण देते रविवारची सुट्टी?" ती हसली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हणते, माझं कुठं चुकलं तेच मले समजलं नाही. पेपर दाखवता का? तिले समजावून सांगीन, मंग चूप बसन."

मी फाइल काढली. मला बरंच वाटलं होतं. चूक समजून घ्यायला येणारे पालक कमी. तिने पेपर खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"अठ्ठेचाळीस. बरोबर तर हाये."

"चोवीस," मी म्हणाले. "शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सुटते ना."

"रविवारी कावून?"

"रात्री दहाला लागते, म्हणून सकाळी सहाला सुटते."

"कुठं लागते दहाले?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं. "हां हां. तुमच्या प्लांटात. आमच्यात नाही जी. तिचे बाबा स्टेशनात पॉइंट्समन हायेत. आमची झिरो-आठ, आठ-सोळा, सोळा-चोवीस. शनिवारची नाईट म्हणजे झिरो-आठ. शुक्रवारी जेवून माणूस जाते, बारा वाजता हाजरी लागते, ते झालं शनिवार. शनिवारी सकाळी आठले सुटते. मंग शनिवार पूरा घरी, रविवार पूरा घरी, सोमवारी आठले हजर. मोजा तुम्ही."

मी मोजलं. बोटांवर मोजलं, माझ्यासारखीने. शनिवारी आठ ते सोमवारी आठ. अठ्ठेचाळीस.

मग मी उजवीकडच्या मोकळ्या जागेत पाहिलं. तिथे त्या टोकदार पेन्सिलने लिहिलं होतं: शनि 8, सोम 8. दोन्ही आठ अगदी ठसठशीत. प्लांटच्या कुठल्याही मुलाने तिथे आठ लिहिला नसता. इतर ज्यांनी अठ्ठेचाळीस लिहिलं होतं त्यांची जागा कोरी होती, त्यांनी नुसता अंदाज मारला होता. हिने हिशोब केला होता. मी ती जागा पाहिलीच नव्हती, कारण माझा नियम होता.

पाळी किती वाजता लागते हे मी प्रश्नात लिहिलं नव्हतं. लिहायचं सुचलंही नव्हतं. आमच्या सेक्टरमध्ये पाण्याची वेळ, भाजीवाल्याची फेरी, मुलांना झोपवणं, सगळं सहा-दोन-दहाच्या हिशोबाने चालतं. पन्नास वर्षं त्यात राहून मला वाटायला लागलं होतं की जगातली प्रत्येक रात्रपाळी दहालाच लागते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉलेजात गणित शिकले, आणि दोन-चार स्टेशनं पलीकडे राहणाऱ्या माणसांचं घड्याळ वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं.

"तुमचं बरोबर आहे," मी तिला म्हणाले. "तिला तीन गुण मिळायला हवेत."

"मंग किती होते?"

"छत्तीस."

तिने फळ्याकडे पाहिलं. यादी फळ्याशेजारीच टाचलेली होती आणि तिला वाचता येत होतं. "राहू द्या मॅडम," ती म्हणाली. "नावं तर गेली. तिले सांगतो, तुझं चुकलं नाही म्हणून. झालं." पेपर तिने घडी न घालता, जसा दिला होता तसा परत केला.

मी तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "दीदी, लिस्ट तो चली गई. फॉर्म बंद हो गया."

"काही तर होत असेल."

"कोई बीमार हो जाए तो नाम बदलता है. डॉक्टर की चिट्ठी लगेगी." आणि चष्मा पुसत, हलक्या आवाजात, "बच्ची आपकी है. आप जो बोलो."

ते चार दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. खोट्या चिठ्ठीला मी तयार नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण चिठ्ठीशिवाय दुसरा मार्ग होता. तुला समोर बसवून सांगायचं, आणि तुझ्याकडून, तुझ्या आईबाबांकडून चार ओळींचं पत्र लिहून घ्यायचं की आमची मुलगी जागा सोडते आहे. आयोजकांनी मानलं असतं की नाही कोण जाणे, पण विचारायला काय हरकत होती? पहिल्या दिवशी मी तुला हाक मारली. तू आलीस आणि मी म्हणाले, केस विंचर. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली आणि तुला सतराचा पाढा म्हणायला लावला. तू म्हणालीस, "आजी, तुला बरं नाही का? हा पाढा आपण सकाळीच केला." तिसऱ्या दिवशी तुझ्या बाबांचा व्हिसा आला. घरात खोकी उघडली गेली, काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावरून वाद सुरू झाले, आणि मला कारण मिळालं. जूनमध्ये ही पोरं जाणार, तिची इथली ही शेवटची गोष्ट, ती मी कशी हिरावून घेऊ? मी अंगणात फेऱ्या घालत होते. आजोबा असते तर म्हणाले असते, बस जरा. पण ते असते तर कदाचित शून्य-आठचंही त्यांनीच सांगितलं असतं. स्टेशनवरचे दोस्त होते त्यांचे.

चौथ्या दिवशी सकाळी सातला बस निघाली. फाटकाशी ती मुलगी उभी होती, शाळेच्या वेळेच्या एक तास आधी, संघाला निरोप द्यायला. तुला आठवत असेल, तुझा कोनमापक ऐनवेळी सापडत नव्हता आणि तू रडवेली झाली होतीस. तिने दप्तरातून स्वतःची कंपासपेटी काढून खिडकीतून तुझ्या हातात दिली. "पेन्सिलले जास्त दाबू नको, टोक तुटते," एवढंच म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. की मीच पाहिलं नाही? रायपूरच्या वाटेवरचं कुम्हारी येईपर्यंत मी तुमच्या डब्यांची झाकणं तपासत होते.

रायपूरला तुम्ही पहिले आलात. ढाल मिळाली, तिघांना पदकं मिळाली. शेवटच्या फेरीत लिंबाच्या बॅटरीचा प्रश्न तू सोडवलास, मी सभागृहात मागे बसून ऐकलं. ते उत्तर तुझं होतं. त्यात कुणाचं काही घेतलेलं नव्हतं आणि हे मी आजही म्हणेन. परत येताना बसमध्ये सगळे गात होते. दुसऱ्या दिवशी तू कंपासपेटी परत केलीस, आत दोन चॉकलेटं घालून.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे ते पदक खिडकीच्या कडीला लटकलेलं दिसतं. ते दिसलं की मी विचारते, जेवलीस का? गेल्या महिन्यात एकाच कॉलमध्ये तीनदा विचारलं, तेव्हा धाकटा म्हणाला, आजी अडकली आहे.

पेंटरचं ठरलं आणि फाइल उघडावी लागली. त्या वर्षाचा गठ्ठा, अकरा पेपर, वर निवडीची यादी. यादीची मूळ प्रतही आता शाळेच्या कपाटात ठेवायची आहे, मंगळवारीच. म्हणजे माझ्या अक्षरातला तो चुकीचा क्रम कायमचा शाळेचा होणार. काल रविवारी मी पेपर पिशवीत घातला, रिक्षा केली आणि भिलाई-3 च्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेले.

दार तिनेच उघडलं. आता दहावीत आहे, माझ्यापेक्षा उंच. बाप आठ-सोळाला गेला होता, आई शेजारी पापड लाटायला. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात पाळ्या लिहिलेल्या. शून्य-आठ चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, दिवसाच्या सुरुवातीला. आमच्या घरी आजोबांची रात्रपाळी मी नेहमी खालच्या कोपऱ्यात लिहायचे.

मी पेपर काढला. पाठ करून गेले होते ते बोलायला सुरुवात केली, तर तिने पेपर हातातून घेतला आणि हसायलाच लागली.

"टीचर! पाच साल झाले. तुम्ही अजून पेपर तपासून राहिल्या? इतका टाइम तर बोर्डवाले पण नाही लावत."

"तुझं उत्तर बरोबर होतं."

"माहीत हाये मले. आईनं त्याच दिवशी सांगितलं."

"मी त्याच दिवशी काही करायला हवं होतं."

यावर ती हसली नाही, आणि नाही असंही म्हणाली नाही. "हां," म्हणाली. "करायला पाहिजे होतं. मी तीन दिवस बॅग भरून ठेवली होती. मले वाटलं, टीचर बोलावतील." मग उठून पाणी आणलं.

मी पर्समधून लाल पेन काढलं. काट खोडली, तीन लिहिले, "नीट वाच" वर रेघ मारली, बेरीज छत्तीस केली आणि खाली सही करून रविवारची तारीख घातली. भिंतीवर त्या वर्षाच्या ढालीखाली तिचंही नाव घालायला सांगू का, असं मी विचारलं.

"मी गेलीच नाही रायपूरले, तर नाव कायचं? भिंतीवर नको." तिने पेपर पुन्हा पाहिला. "लिस्ट आणली?"

आणली होती. मी ती बाहेर काढली. तिसऱ्या ओळीत तुझं नाव, पस्तीस. चौथीत तिचं, तेहेतीस.

"हे ठीक करा. मी तिसरी."

मी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात तिने विचारलं, "तिले माहीत हाये?"

"नाही."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं. "मग आधी तिले सांगा. नाहीतर तिले वाटेल, पीठ पीछे काटलं. तिनं चॉकलेट दिलं होतं मले." आणि दारापर्यंत सोडायला येताना, "पेपर मी ठेवू? फिजिक्सच्या सरांना दाखवीन, छत्तीस आले म्हणून."

पेपर तिच्याकडे ठेवून आले.

आज सोमवार. यादी टेबलावर आहे, पेन टोपण लावून तिच्यावर ठेवलं आहे. थोरले, तुझं पदक तुझं आहे, ते कडीला तसंच राहू दे. मी तुझ्याकडे परवानगी मागत नाही, चूक माझी आहे आणि ती मी दुरुस्त करणारच आहे. पण ती म्हणाली ते बरोबर आहे, आधी तुला कळायला हवं. या पानांचे फोटो काढून आत्ता बाबांच्या फोनवर पाठवते. तिकडे उजाडलं की वाच आणि मला फोन कर. मी घरीच आहे. फोन चालू असतानाच तुझ्यासमोर तिसरी आणि चौथी ओळ बदलेन, आणि तू मला रागावलीस तरी ते पुरं झाल्यावर रागाव, कारण हात हलला तर यादी पुन्हा लिहावी लागेल.